वल्ह्यांवरचा दिनक्रम

बंगालचा उपसागर १९६९ साली पिनाकी रंजन चॅटर्जी आणि जॉर्ज अल्बर्ट ड्यूक या दोघांनी केवळ वल्हवत ओलांडला आणि कोलकात्याहून अंदमान ३३ दिवसांत गाठले. त्यांच्या नावेला मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, असलेल्या कान्होजी आंग्रे यांचे नाव होते, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायलाच हवी.

अशा प्रवासात दिवस-रात्र हा भेद जवळजवळ पुसला जातो. आजच्या दोघांच्या नावांवर बहुधा दोन तास वल्हवणे आणि दोन तास विश्रांती अशा पाळ्या अहोरात्र चालतात, त्यामुळे सलग झोप दुर्मीळ होते. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र आता सौर पट्ट्यांवर चालते, अन्न बहुतेक वाळवलेले असते आणि ते गरम पाण्यात भिजवून खातात, तर शौचासाठी बादलीच असते. वाऱ्याने नाव मागे रेटली, तर पाण्यात छत्रीसारखा उघडणारा, नावेचे तोंड लाटांकडे ठेवणारा कापडी नांगर सोडतात. मात्र सर्वाधिक छळ मिठाचा होतो: सतत ओल्या राहणाऱ्या आणि बैठकीवर घासणाऱ्या कातडीला फोड येतात, म्हणून प्रत्येक पाळीनंतर अंग गोड्या पाण्याने पुसून कोरडे करणे हे जेवणाइतकेच आवश्यक ठरते. १९६९ मध्ये मात्र पाणी गोडे करणारे असे यंत्र आणि उपग्रहाधारित दिशादर्शन, दोन्हीही हाताशी नव्हते.