माशाच्या खाद्यात लसूण-हळद: किती घालायची आणि कुठे थांबायचं



थंडीची चाहूल लागली की शेततळ्यात मासे असणाऱ्यांचे फोन वाढतात. परवा एका सभासदाने विचारलं, "चार-पाच रोहूंच्या अंगावर लाल चट्टे दिसतायत. दुकानात अँटिबायोटिकची पुडी दिली, खाद्यात कालवा म्हणाले. टाकू का?"

टाकू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं माशांसाठी वापरायला बंदी आहे. त्यांचा अंश मांसात उतरतो आणि तपासणीत सापडला तर सगळा माल अडकतो. शिवाय अंदाजाने दिलेल्या डोसातून जे जंतू वाचतात, त्यांच्यावर पुढे तेच औषध चालत नाही.

त्यांचा दुसरा प्रश्न होता, "मग लसूण-हळद चालेल का?" चालेल, पण आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आजारी मासा खाणं सोडतो. जो खातच नाही, त्याच्या पोटात खाद्यातला लसूण जाणार कसा? म्हणून ही जोड मासा धडधाकट असतानाच द्यायची. हे आजारावरचं औषध नाही, ताकद टिकवायचा उपाय आहे.

*लसूणच का?*
भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत, म्हणजे 'सिफा'मध्ये, रोहूच्या बोटुकलीवर याचा प्रयोग झाला आहे. एक किलो खाद्यात 1, 5 आणि 10 ग्रॅम लसूण असं 60 दिवस दिलं आणि मग एरोमोनास या जंतूची बाधा केली. लसूण खाल्लेली पिल्लं जास्त तगली.

*कसं करायचं? (1 किलो खाद्यासाठी)*
1) 5 ग्रॅम सोललेला लसूण बारीक ठेचा आणि 10 मिनिटं तसाच ठेवा. त्यातलं ॲलिसिन ठेचल्यावरच तयार होतं. शिजवू नका, उष्णतेने ते जातं.
2) 5 ग्रॅम हळद दोन चमचे खाद्यतेलात कालवा. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात मिसळतं. हळद घरची दळलेली घ्या, रंग मिसळलेली नको.
3) दोन्ही एकत्र करून गोळी खाद्याला हाताने चोळा. सावलीत अर्धा-एक तास पसरून ठेवा.
4) त्याच दिवशी संपवा. ओलसर खाद्य साठवलं तर बुरशी धरते आणि ती माशाला आजारापेक्षा वाईट.

थंडीच्या तोंडावर दीड-दोन महिने द्या, मग बंद करा.

*खर्च किती?*
समजा तळ्यात 200 ग्रॅमचे 500 मासे आहेत. एकूण वजन 100 किलो, 3 टक्क्यांनी रोजचं खाद्य 3 किलो. त्याला लसूण लागतो 15 ग्रॅम. दोनशे रुपये किलोने धरला तरी रोजचे 3 रुपये.

*झाडपाला म्हणून बिनधोक समजू नका*
मोहाची पेंड आपण तळ्यातले नको असलेले मासे मारायलाच वापरतो, तीही झाडाचीच. कडुनिंबाचा अर्क पाण्यात ओतला तर मासे दगावू शकतात. शेवग्याचा पाला चांगला, पण फार झाला तर पचनाला जड जातो आणि वाढ खुंटते. तेव्हा "थोडं जास्त घालू" हा मोह नको.

*लसणाने न सुटणारी गोष्ट*
मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर तो रोग नाही, पाण्यात प्राणवायू कमी पडलाय. पंप लावून पाणी उंचावरून पाडा, खाद्य थांबवा. आणि लाल चट्टे आधीच दिसत असतील तर मेलेले मासे काढून चुना टाकून पुरा, पाण्याचा सामू तपासा आणि तालुक्याच्या मत्स्य अधिकाऱ्यांना मासा दाखवा. वर ज्यांचा फोन आला त्यांनाही आम्ही हेच सांगितलं.

*पटत नसेल तर करून बघा*
तळ्यात दोन हापे लावा. प्रत्येकात सारख्या मापाची 25 बोटुकली सोडा. एकात साधं खाद्य, दुसऱ्यात लसूण-हळदीचं. दर 15 दिवसांनी वजन करा, किती मेले ते वहीत लिहा. आपल्या पाण्यात काय होतं ते आपल्याच वहीतून कळेल.

प्रयोग करणाऱ्यांनी वहीच्या पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा. फरक दिसला नाही तरी पाठवा, तेही बाकीच्यांच्या कामाचं आहे.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🐟