दिव्याखाली अंधार, डोळ्यांखालीही

रात्री मरीन ड्राइव्हवर फोटो काढायचा म्हटलं की माणूस थेट खांबाच्या दिव्याखाली जाऊन उभा राहतो. उजेड तिथे भरपूर, पण तो येतो डोक्यावरून. भुवयांची सावली डोळ्यांवर, नाकाची ओठांवर. हसरा चेहरा कवटीसारखा दिसतो. चार-पाच पावलं मागे सरका, तोंड दिव्याकडे करा. उजेड तिरपा येतो आणि डोळ्यांत ठिणगी दिसते.

रंगाचं दुखणं वेगळं. जुन्या सोडियम दिव्यांचा उजेड मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, पिवळा. निळा त्यात फारच थोडा, म्हणून निळी साडी काळपट दिसते. मोबाइलचं व्हाइट बॅलन्स इथे हात टेकतं. जो रंग दिव्यातच नव्हता, तो साडीवरून परतणार कसा? २०१५ साली मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले, तेव्हा हारासारख्या दिसणाऱ्या तिथल्या दिव्यांच्या रांगेची, ‘क्वीन्स नेकलेस’ची शान गेली म्हणून मुंबईत केवढा गहजब झाला! हाराचं काय ते असो, त्वचेचा रंग मात्र सोडियमपेक्षा एलईडीखालीच खरा उतरतो.

माझी पसंती पानाच्या टपरीला. खांबावरचा दिवा लांबून ठिपक्याएवढा, त्यामुळे सावलीची कड सुरीसारखी. टपरीची चार फुटी ट्यूब हातभर अंतरावर. चेहऱ्याच्या मानाने हा दिवा लांबलचक, म्हणून सावली गालावर हळूहळू विरते. शिवाय जवळचा उजेड झपाट्याने ओसरतो. चेहरा उजळतो, मागची गर्दी आपोआप काळोखात जाते. फक्त गिऱ्हाइकांची वाट अडवू नका, आणि निघताना एक मसाला पान घ्या.