गाढवावर बसलेला राजा

निवडणूक आली की आपल्याकडे चौकाचौकांत फलक लागतात. पुढाऱ्याच्या फोटोखाली लिहिलेलं असतं, 'गोरगरिबांचा मसीहा'. हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. आज तो मुळापासून पाहू.

शब्द मूळचा हिब्रू. अर्थ अभिषिक्त, ज्याच्या मस्तकावर तेल ओतलं गेलं तो. ग्रीकमध्ये त्याचं 'ख्रिस्तोस' झालं. म्हणजे 'ख्रिस्त' ही येशूची पदवी आहे, आडनाव नव्हे. यहुद्यांमध्ये राजाला तेलाचा अभिषेक व्हायचा. शमुवेल संदेष्टा दावीदच्या घरी अभिषेकासाठी गेला, तेव्हा हा धाकटा पोरगा रानात मेंढरं राखत होता. तेव्हापासून राजा आणि मेंढपाळ या दोन कल्पना जोडीने चालतात. पुढे राजे बिघडले. मेंढरांची लोकर पांघरता, पण हरवलेल्याला शोधत नाही, असा ठपका यहेज्केल संदेष्ट्याने त्यांच्यावर ठेवला.

येशूच्या काळी तिथे रोमचं राज्य होतं. रोमला हाकलून देईल अशा राजाची पुष्कळ लोक वाट पाहत होते. येशू मात्र जेरुसलेममध्ये गाढवावर बसून आला. आपल्याकडे गाढवावर बसवणं म्हणजे धिंड! बीड जिल्ह्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाची अशी मिरवणूक निघते, ती थट्टेनेच. त्या देशात गाढव हे रोजच्या कामाचं आणि प्रवासाचं जनावर होतं, घोडा लढाईचा. जखऱ्याच्या ग्रंथात येणारा राजा नम्र आहे, तो गाढवावरून येतो आणि रथ, घोडे, धनुष्य निकालात काढतो. त्या दिवशी ते चित्र खरं झालं, असं ख्रिस्ती परंपरा मानते. इथे नम्रता ही राज्य करण्याची रीतच झाली.

आता यावर एक सणसणीत आक्षेप आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये थ्रॅसिमेकस म्हणतो, मेंढपाळ मेंढरं पोसतो ती स्वतःच्या किंवा मालकाच्या फायद्यासाठी, राज्यकर्तेही तसेच. दुसरा आक्षेप आपल्या भाषेतच आहे. न विचारता मागे जाणाऱ्याला आपण मेंढरू म्हणतो. मग असा राजा आपल्याला हवा कशाला?

आपल्या भागात धनगर मेंढरं शेतात बसवतात, ते आठवा. रात्री राखण करावी लागते, लंगडं कोकरू खांद्यावर घ्यावं लागतं. योहानाच्या शुभवर्तमानात फरक इथेच केला आहे. लांडगा आला की मजुरीवरचा राखण्या पळतो. खरा मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो. थ्रॅसिमेकसच्या जगात मेंढरू कापलं जातं आणि मेंढपाळ जगतो. इथे ते उलटं होतं. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात तर कोकराच मेंढपाळ होतो, म्हणजे ज्याचा बळी गेला तोच राखणारा. आणि दुसऱ्या आक्षेपाचं काय? हा मेंढपाळ एकेकाला नावाने हाक मारतो, शिष्यांचे पाय धुतो, त्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. मित्राला प्रश्न विचारता येतो. कळपाला येत नाही.

ही कसोटी कडक आहे आणि ती आधी ख्रिस्ती सत्तेलाच लागते. गोव्यात १५६० मध्ये पोर्तुगिजांनी इन्क्विझिशन आणलं, ते या नम्र राजाच्याच नावाने. तिथे मेंढपाळ कोण होता आणि लांडगा कोण, हे तुम्हीच ठरवा.

महात्मा फुल्यांना या राजाची ओळख पटली होती. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला बळीराजाच्या नात्यात बसवलं. ते स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, ही गोष्ट लक्षात घ्या. दिवाळीला आपल्या आयाबाया बळीचं राज्य येवो म्हणतात, तेव्हा त्याही देणाऱ्या राजाचीच वाट पाहत असतात. दोन्ही श्रद्धा एक आहेत, असं मी म्हणणार नाही. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने तो राजा येऊन गेला आहे आणि पुन्हा येणार आहे. पण दोन्हींकडून आपल्याला एक प्रश्न मिळतो, आणि तो कोणत्याही सत्तेला विचारता येतो: संकट आलं तेव्हा कोणी कोणासाठी झीज सोसली?