नकाशातून गणिताची ओळख

वर्गाचा किंवा घराचा नकाशा काढताना लहान मुले जागा, आकार आणि अंतर या गणिती कल्पना हाताळतात. सुरुवात आत-बाहेर, शेजारी, मध्ये अशा शब्दांनी होते. मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे आणि बेर्बेल इन्हेल्डर यांनी १९४८ मध्ये मांडले की, मुलांना जवळीक, क्रम आणि बंदिस्तपणा आधी समजतो. अंतर व कोन नंतर.

पुढची पायरी चिन्हांची, म्हणजे एका वस्तूने दुसरी दाखवण्याची. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ज्यूडी डिलोश यांच्या १९८७ च्या प्रयोगात खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत खेळणे कुठे लपवले, हे पाहून तीन वर्षांच्या मुलांनी खऱ्या खोलीतले खेळणे शोधले. अडीच वर्षांच्या बहुतेकांना ते जमले नाही. म्हणून आधी ठोकळ्यांनी खोली मांडावी, मग ती कागदावर उतरवावी. वरून पाहिले की टेबलाचे पाय दिसत नाहीत, फक्त चौकोन उरतो.

त्यानंतर मापन. दारापासून फळ्यापर्यंतची पावले मोजून प्रत्येक पावलासाठी चौकटीच्या वहीत एक घर धरले, की मोजणी आणि प्रमाण एकत्र येतात. त्याच अंतरात बाईंची पावले कमी भरतात. त्यातून सर्वांसाठी समान एकक का लागते, हे कळते. शेवटी एका मुलाने वस्तू लपवून नकाशावर तिथे खूण करावी आणि दुसऱ्याने तो नकाशा पाहून ती शोधावी. वस्तू सापडली नाही, तर नकाशातली चूक दोघांनी मिळून दुरुस्त करावी.