मोतीबिंदूचे ऑपरेशन : भिंग कोणते घालावे?

सुगी आटोपली, खळे मोकळे झाले, की घरोघरी वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची बोलणी सुरू होतात. तारीख ठरते, सोबत कोण जाणार तेही ठरते. पण दवाखान्यात गेल्यावर जो प्रश्न पुढे येतो त्याची तयारी कोणी केलेली नसते. "लेन्स कोणती घालायची? साधी, घडीची, की बिनचष्म्याची?" मुलगा म्हणतो, "आईला भारीतली घाला." आई म्हणते, "माझ्यापायी एवढा खर्च नको." दोघांचीही माया खरी, पण निर्णय घाईचा होतो. आत बसवलेले भिंग जन्मभर राहायचे असते. ते बदलायचे म्हटले तर दुसरे ऑपरेशन, आणि ते अधिक जोखमीचे. म्हणून ह्या गोष्टीचा विचार घरीच, शांतपणे करून जावे, असे आम्ही सुचवतो.

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असते. वयोमानाने ते गढूळ होते, तोच मोतीबिंदू. थेंब घालून तो विरघळत नाही. ऑपरेशनात गढूळ भिंग काढून त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. पूर्वी नुसते काढत, बसवत नसत. म्हणून जुन्या लोकांच्या डोळ्यांवर जाड काचांचे चष्मे असत. डोळ्यात भिंग प्रथम बसवले ते लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी, १९४९ साली. युद्धात विमानाच्या प्लॅस्टिकच्या छताचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळे ते सहन करतात, हे त्यांनी पाहिले होते. आता चांगली भिंगे आपल्या देशातही तयार होतात. मदुराईचा ऑरोलॅब कारखाना १९९२ पासून ती स्वस्तात बनवतो आणि परदेशीही पाठवतो. तेव्हा बाहेरचे तेवढे चांगले, असे मानू नये.

दरपत्रकात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते, ती आधी सोडवून घ्यावी.

पहिली गोष्ट, भिंग आत कसे जाते. कडक भिंगाला सुमारे ६ मिलिमीटरची वाट लागते. घडीचे भिंग ३ मिलिमीटरहून लहान छेदातून आत जाऊन उलगडते. लोक ह्या दुसऱ्या पद्धतीला "लेझरचे ऑपरेशन" म्हणतात. खरे म्हणजे त्यात बहुधा ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडतात. लहान छेदाची जखम लवकर भरते व चष्म्याचा तिरपा नंबर कमी येतो. पण कुशल हातांनी केलेले कडक भिंगाचे ऑपरेशनही सहसा बिनटाक्याचेच असते आणि नजर चांगली येते. शिबिरात कडक भिंग मिळाले म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नये.

दुसरी गोष्ट, भिंग काय दाखवते. ह्याचे मुख्य तीन प्रकार आहेत.

१. साधे, म्हणजे एका अंतराचे भिंग. ह्याने बहुधा लांबचे स्पष्ट दिसते. वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो.

२. टोरिक भिंग. बुबुळाचा आकार वाकडा असल्याने ज्यांचा सिलिंडरचा नंबर बराच असतो, त्यांना ह्याचा उपयोग होतो. नंबर थोडा असेल तर जादा पैसे घालण्याचे कारण नाही.

३. मल्टिफोकल, म्हणजे जवळचे व लांबचे दोन्ही दाखवणारे भिंग. चष्म्याची गरज पुष्कळ कमी होते. पण आत येणारा प्रकाश वाटला जातो, म्हणून अंधुक उजेडात नजर थोडी फिकी पडते आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. पुष्कळांना त्याची सवय होते, काहींना होत नाही.

आता आपल्या कामाकडे पाहावे. रात्री वीज आली की विहिरीवर मोटर लावायला जाणारा, अंधारात मोटारसायकल चालवणारा, पहाटे धारा काढणारा माणूस असेल, तर त्याला मल्टिफोकलची कडी त्रासाची होऊ शकतात. बांध, गुरे, रस्ता स्वच्छ दिसावा आणि गीतपुस्तक वाचताना चष्मा लावायला हरकत नाही, अशा माणसाला साधे भिंग उत्तम. उलट दिवसभर शिवणकाम करणारी बाई डॉक्टरांना सांगून जवळच्या नजरेचे साधे भिंग मागू शकते. मग लांबचे पाहायला तिला चष्मा लागेल. भारी किंमत म्हणजे जास्त नजर, असे नाही. म्हैस विकून किंवा कर्ज काढून भारी भिंग घालण्यात शहाणपण नाही.

डोळ्याची प्रकृतीही पाहावी लागते. साखरेच्या आजाराने पडदा खराब झाला असेल किंवा काचबिंदू वाढलेला असेल, तर मल्टिफोकल सहसा टाळतात. म्हणून आधी पडद्याची तपासणी करून घ्यावी. साखर, रक्तदाब आणि चालू गोळ्या सांगाव्यात. लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन घेत असाल तर ते आवर्जून सांगावे, कारण त्या गोळीने ऑपरेशनात बाहुली नीट मोठी राहत नाही.

तारीख ठरण्यापूर्वी डॉक्टरांना हे विचारावे :

• माझा पडदा व नस ठीक आहे का?
• माझा सिलिंडरचा नंबर किती? टोरिकची खरोखर गरज आहे का?
• ह्या भिंगाने चष्मा कशासाठी लागेल?
• आयुष्मान कार्डावर किंवा सरकारी योजनेत कोणते भिंग मिळते? वर काही भरावे लागेल का?

भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी व बुबुळाचा बाक मोजून काढतात. त्या मोजणीच्या वेळी हलू नये. ऑपरेशननंतर भिंगाचे नाव व नंबर असलेली चिठ्ठी मिळते, ती रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावी. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ती कामी येते. पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, तर भिंग खराब झाले असे समजू नये. मागचे पातळ आवरण गढूळ झालेले असू शकते, आणि ते लेझरने काही मिनिटांत मोकळे करता येते.

मोतीबिंदू पुरता पिकेपर्यंत थांबण्याची जुनी रीत आता सोडावी. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड जाते. बांधावरचा माणूस ओळखू येईना, पायाखालचा दगड दिसेना, की तपासून घ्यावे. दिवस असे निवडावेत, की पुढचा महिनाभर धूळ, कडबा आणि शेणापासून डोळा जपता येईल.