इंजिनाची बोली (भाग ६) : पळते झकास, पण स्लोला टिकत नाही

आठवडी बाजाराच्या दिवशी आटपाडीतल्या गॅरेजांपुढून फिरलं की एक तक्रार हमखास कानावर येते. "पळायला एक नंबर हाय, पण स्लोला बंद पडती." गाडी बहुधा आरएक्स हंड्रेड. यामाहाची ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कंपनीतून निघाली तशी गाडी आता क्वचितच पाहायला मिळते. कुणी मोठा कार्बोरेटर चढवलेला असतो, कुणी सायलेन्सर बदललेला, कुणी पोर्ट घासून उंच केलेले. उपाय मात्र सगळीकडे एकच, स्लोचा स्क्रू अर्धा आटा आवळायचा. रेस वाढते, गाडी चालू राहते, गिऱ्हाईक समाधानानं जातं. माझ्या मते त्या स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी, कारण तो दोष काढत नाही, झाकतो.

आधी एक मान्य करू. वाढवलेल्या इंजिनाचा स्लो कंपनीसारखा सलग येणार नाही. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, पिस्टनच उघडतो आणि झाकतो. जळालेला वायू बाहेर जायची वाट आणि ताजं मिश्रण आत यायची वाट काही काळ एकदमच उघडी राहते. इंजिन जोरात फिरत असताना सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट निसटणारं मिश्रण आत ढकलते. स्लोला तीच लाट भलत्या वेळी येते, जळालेला वायू आतच रेंगाळतो, आणि ठिणगी पडूनही एखादा फेरा पेटत नाही. पुढच्या फेऱ्यांत ताजं मिश्रण साठतं, मग पेट घेतो. आरएक्सचा तो तुटक आवाज यातूनच येतो. पोर्ट जितके उंच घासाल तितका तुटकपणा वाढणार, आणि घासून गेलेला धातू परत भरून येत नाही.

याचं टोक पाहायचं तर रोटरी इंजिनाकडे जावं लागतं. फेलिक्स वँकेल या जर्मन तंत्रज्ञाच्या कल्पनेतून आलेल्या या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाही, तीन बाजूंचा रोटर फिरतो. इथेही व्हॉल्व नाहीत, पोर्टच आहेत. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दर रोटरमागे एक स्फोट होतो, टू-स्ट्रोकच्या सिलिंडरसारखाच, आणि सीलना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑइलही इंधनाबरोबर जळतं. माझदाच्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स गाडीचे पोर्ट शर्यतीसाठी वाढवले की ती उभ्या उभ्या अडखळत धडधडते. २००३ च्या आरएक्स-८ मध्ये माझदानं धूर बाहेर टाकणारे पोर्ट बाजूच्या भिंतीत नेले आणि दोन्ही वाटा एकदम उघड्या राहण्याचा काळच काढून टाकला. आपल्या महाराष्ट्रातही या जातीच्या इंजिनावर काम झालं आहे. नगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचा बंगळूरच्या एनएएल या विमान संशोधन संस्थेबरोबर ५५ अश्वशक्तीचं रोटरी इंजिन तयार करण्यात वाटा होता. २००९ मध्ये 'निशांत' हे मानवरहित विमान त्यावर उडालं.

वाढवलेली आरएक्स-७ स्लोला वरखाली करू लागली, की जाणता मेकॅनिक आधी रबरी नळ्या आणि जोड तपासतो. कुठून तरी चोरून हवा आत शिरते आहे का, हे त्याला पाहायचं असतं. आरएक्स हंड्रेडलाही पहिला प्रश्न तोच विचारायचा.

गाडी 'एअर घेते' असं आपले फिटर म्हणतात ते हेच. कार्बोरेटरच्या पुढे कुठेही फट असली की बिनपेट्रोलची हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं. खूण सोपी आहे. थंड असताना गाडी बरी वाटते, गरम झाली की रेस आपोआप वर चढते, ॲक्सिलरेटर सोडला तरी लवकर उतरत नाही. अशा वेळी चोक जरा ओढून पाहा. रेस ठिकाणावर आली तर हवा नक्की शिरते आहे. चोक ओढताच गाडी गुदमरून बंद पडली आणि प्लग ओला काळा निघाला, तर दोष उलटा आहे, पेट्रोल जास्त होतं आहे. आणि नुसतं हँडल वळवल्यावर रेस बदलली, तर इंजिनाचा काही संबंध नाही, केबल ताणली जाते आहे.

फट बहुधा मॅनिफोल्डच्या रबराला असते. वरून ते धड दिसतं. काढून बोटांत वाकवलं की कडेची केसाएवढी चीर उघडते. मोठा कार्बोरेटर जुन्या रबरात कोंबून क्लिप आवळली असेल तर ही चीर पडणारच. दुसरी जागा क्रँकच्या ऑइल सीलची. मॅग्नेटकडचं सील गेलं की हवा शिरते. क्लचकडचं गेलं की गिअरचं ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर निघतो आणि ऑइल कमी होत राहतं.

अंदाजानं सीलं बदलत बसण्यापेक्षा दाब भरून तपासावं. सायलेन्सर काढून त्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्रा आवळा. ऑइल पंपाची नळी बंद करा. पिस्टन खाली आणा. कार्बोरेटरच्या जागी रबरी बूच बसवून त्यातून नळी घ्या आणि तिला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ जोडा. काटा २५० ते ३०० पर्यंत न्या. ३०० म्हणजे सुमारे सहा पीएसआय, या कामाला एवढा दाब पुरे. त्याहून जास्त भरू नका, चांगलं सील उलटेल. काटा काही मिनिटं जागेवर राहिला तर इंजिन घट्ट आहे. उतरला तर जोडांवर साबणाचं पाणी लावा. क्लचकडच्या सीलसाठी गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पडदा धरा. तो फुगला की निकाल लागला. पेट्रोल शिंपडून फट शोधायची सवय मात्र सोडा. गरम सायलेन्सरजवळ तो जिवाशी खेळ आहे.

हवेची खात्री झाल्यावरच कार्बोरेटर उघडायचा. स्लोला पेट्रोल देणारं पायलट जेट इतकं बारीक असतं की गाडी महिनाभर उभी राहिली तरी चिकटा बसतो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि त्याच जेटवर मिश्रण जरा पातळही करतं. म्हणून जुनं सेटिंग आज चुकीचं ठरू शकतं. मोठ्या कार्बोरेटरची अडचण वेगळी. रुंद तोंडातून स्लोला हवा संथ जाते आणि पेट्रोल नीट उचललं जात नाही. तिथे जेटांचे कितीही नंबर बदलले तरी मर्यादा राहते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. स्लो लावायचा तर इंजिन गरम असताना. एअरचा स्क्रू हळूहळू फिरवत रेस सगळ्यात वर जाईल तिथे थांबवायचा, मग स्लोच्या स्क्रूनं ती खाली आणायची.

राहिली धूळ. आवाज उघडा व्हावा म्हणून एअर फिल्टर काढून फिरणारी पोरं मला अस्वस्थ करतात. दिघंची किंवा खरसुंडीच्या वाटेला उन्हाळ्यात पुढच्या गाडीमागे जो लोट उठतो, तो सरळ क्रँककेसमध्ये जातो. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँकच्या बेअरिंगवरूनच वर चढतं. म्हणजे धूळ आधी बेअरिंग आणि सीलं खाते, मग रिंगा. सील गेलं की हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, उष्णता वाढते. ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्यांचं तर दुहेरी नुकसान, कारण पेट्रोल कमी पडलं की त्याबरोबर ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. फिल्टर परत बसवा. तो काढताना मेन जेट मोठं केलं असेल तर आता एकेक नंबर खाली उतरत जा आणि दरवेळी प्लगचा रंग बघा. तो रंग कसा वाचायचा, ते पुढच्या आठवड्यात.