तिकीट घेतलं का, ताई?

मागच्या रविवारी आम्ही गटातल्या बायका मुंबईला आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय पाहून आलो. जुन्या ट्राम आणि बसच्या छोट्या प्रतिकृती, कंडक्टरची यंत्रं, रंगीत तिकिटं. आम्ही तिकिटांपाशीच जास्त रेंगाळलो.

मुंबईची पहिली ट्राम 1874 साली घोड्यांनी ओढली. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीटच देत नसत! पुढे 1907 साली विजेची ट्राम आली, 1926 साली बस. आपल्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं. तिथं सरकारी बस 1932 साली 27 गाड्यांवर सुरू झाली. 1961 साली एसटी महामंडळ झालं, त्यात मराठवाड्याची बससेवाही आली. एसटीच्या गाड्या बांधायची कार्यशाळा तर आपल्या चिकलठाण्यातच आहे.

आता तिकिटाचं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं भाडं आहे. उरलेलं अर्धं सरकार महामंडळाला देतं, ते तिकिटांच्या हिशेबावर. फेरी चालू ठेवायची की नाही, हे ठरवतानाही तिचं उत्पन्न बघतात. दोनच गावं जायचंय म्हणून आपण पैसे देतो आणि तिकीट मागत नाही. मग कागदावर त्या फेरीत आपण बसलोच नव्हतो! गाडी गच्च भरलेली असली तरी कागदावर रिकामी. संध्याकाळची गाडी बंद झाली की पहिल्यांदा कॉलेजातल्या पोरींचं शिक्षण थांबतं, हे आपण पाहिलंय. म्हणून पैसे दिले की हात तसाच पुढे ठेवा, तिकीट हातात पडेपर्यंत.